तरंगता माणूस

खान्देशातल्या जुन्या घरांवर कौले कमी, धाबी जास्त. लाकूड आणि माती यांचे ते सपाट छत. उन्हाळ्यात खालच्या खोल्या भट्टीसारख्या तापत आणि रात्र झाली की सारे घर गोधड्या, चादरी आणि पाण्याची सुरई घेऊन धाब्यावर चढे. बोदवडमधल्या आमच्या मोहल्ल्यात अशी धाबी एकमेकांना खेटून होती. एका धाब्यावरून दुसऱ्या धाब्यावर गप्पा चालत. कापसाचा भाव काय निघाला, पाणी कधी येणार, भुसावळची पॅसेंजर आज किती लेट झाली. गप्पा संपल्या की उरायचे ते आकाश. आमची दादी ध्रुवाला कुतुब तारा म्हणायची आणि आकाशगंगेला कहकशाँ. शेजारच्या धाब्यावरची मावशी सप्तर्षींना म्हातारीचे खाटले म्हणायची. तारे तेच होते. नावे ज्याच्या त्याच्या घरची होती.

१९८४ च्या एप्रिल महिन्यात या आकाशात आमच्या ओळखीचे कुणीतरी गेले. ३ एप्रिलला सोयुझ टी-११ या सोव्हिएत यानातून स्क्वाड्रन लीडर राकेश शर्मा अंतराळात पोहोचले आणि पुढचे जवळजवळ आठ दिवस त्यांनी काढले. त्यांतले बहुतेक सॅल्यूट-७ या स्थानकावर. पंतप्रधान इंदिरा गांधींनी त्यांना विचारले की वरून भारत कसा दिसतो, आणि त्यांनी उत्तर दिले ते इक्बालांच्या ‘तराना-ए-हिंदी’तल्या पहिल्या ओळीने. आमच्या उर्दू शाळेत तो तराना रोज म्हटला जायचा. रेडिओवर ते उत्तर ऐकले तेव्हा अब्बांनी मान डोलावली. मोहल्ल्यातल्या थोरामोठ्यांना वाटले, आपल्या शाळेच्या पटांगणातला आवाज आकाशात पोहोचला. तो अभिमान खरा होता आणि साधा होता.

पण दादीचा प्रश्न वेगळा होता. वर्तमानपत्रात राकेश शर्मांचा यानात तरंगतानाचा फोटो आला होता. तो तिने डोळ्यांजवळ धरून बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, “बेटा, ये आदमी गिरता क्यूं नहीं?”

आमच्यापैकी कुणालाच उत्तर आले नाही. वर गेले की वजन संपते, एवढेच आम्हांला ठाऊक होते, आणि तेही चुकीचे होते.

त्याच वर्षी, दोन महिने आधी, याहून विलक्षण गोष्ट घडून गेली होती. ती आम्हांला पुष्कळ नंतर कळली. भुसावळच्या एका रद्दीच्या दुकानात जुन्या इंग्रजी मासिकात आम्ही तो फोटो पाहिला. काळेभोर आकाश, खाली निळ्या-पांढऱ्या पृथ्वीची कड, आणि मध्ये पांढऱ्या पोशाखातला एक माणूस. त्याला दोर नाही, त्याच्या पायाखाली काही नाही, डोक्यावर काही नाही. हा ब्रूस मॅकँडलेस. ७ फेब्रुवारी १९८४ रोजी चॅलेंजर यानातून तो बाहेर पडला. पाठीवर नायट्रोजन वायूच्या झोतांवर चालणारे एक यंत्र बांधलेले होते. खुर्चीसारख्या त्या यंत्राला चोवीस छोटी तोंडे होती. हाताशी असलेल्या कळा दाबत तो यानापासून सुमारे ९८ मीटर दूर गेला. यानाशी जोडणारा कसलाही दोर नसताना अंतराळात मोकळा फिरलेला तो पहिला माणूस. तो फोटो टिपला यानात बसलेल्या रॉबर्ट गिब्सन या सहकाऱ्याने. मासिकाचे ते पान आम्ही कापून घेतले आणि अनेक वर्षे ते आमच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेले होते.

आता जी गोष्ट सांगायची ती थोडी लाजिरवाणी आहे. परंतु ती सांगितल्याशिवाय या लेखाला अर्थ नाही.

त्या काळात आमच्याकडे एक कथा फार चालत असे. चहाच्या हॉटेलात, तरावीहनंतर मशिदीबाहेरच्या ओट्यावर, लग्नाच्या मांडवात, सगळीकडे ती ऐकू येई. नील आर्मस्ट्राँग चंद्रावर उतरला तेव्हा त्याला एक आवाज ऐकू आला. काय आवाज आहे ते त्याला कळेना. पुढे तो इजिप्तला गेला, तिथे त्याने अजान ऐकली, हाच तो आवाज हे त्याने ओळखले आणि तो मुसलमान झाला. आम्ही ही कथा मनापासून मानली. एवढेच नव्हे, तर शाळेत सर्वांसमोर उभे राहून मोठ्या आवाजात ती सांगितलीदेखील.

आमचे विज्ञानाचे मास्तरसाहेब पाच वेळेचे नमाजी होते. त्यांनी कथा शेवटपर्यंत ऐकून घेतली. मग विचारले, “चंद्रावर हवा आहे का?”

“जी नाही, सर.”

“आवाज कशातून येतो?”

“हवेतून, सर.”

“मग बस खाली. आणि अजानची इज्जत राखायची असेल तर तिच्या नावाने खोटे बोलू नकोस.”

वर्गात हसू पिकले. आम्हांला रडू आले. मास्तरसाहेबांचा राग तेव्हा फार आला. त्यांनी त्या दिवशी आमच्यावर केवढा उपकार केला, हे कळायला अर्धे आयुष्य गेले.

ही कथा काही बोदवडची नव्हती. इंडोनेशियापासून इजिप्तपर्यंत ती पसरली होती. इतकी, की १९८३ साली अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याला मुस्लिम देशांतल्या आपल्या वकिलातींना कळवावे लागले की आर्मस्ट्राँग यांनी धर्म बदललेला नाही, मात्र कुणाचा अनादर करण्याचाही त्यांचा हेतू नाही. आणि या प्रकरणात एक योगायोग असा आहे की तो आम्ही कुणाला सांगितला की लोक थक्क होतात. जुलै १९६९ मध्ये आर्मस्ट्राँगने चंद्राच्या जमिनीवर पाऊल ठेवले तेव्हा ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षात ध्वनियंत्रावर बसून त्याच्याशी बोलणारा माणूस कोण होता? तोच ब्रूस मॅकँडलेस. त्या वेळी चंद्रावरून आलेले शब्द त्याने ऐकले आणि त्यांना उत्तरे दिली. आमच्या कपाटातल्या फोटोतला माणूसच त्या कथेविरुद्धचा साक्षीदार होता. आम्ही त्याचे चित्र जपले, पण त्याची साक्ष विचारली नाही.

मास्तरसाहेबांनी पुढच्याच आठवड्यात दादीच्या प्रश्नाचे उत्तर दिले. त्यांनी डालड्याचा रिकामा डबा आणवला, तळाशी खिळ्याने दोन भोके पाडली, डब्यात पाणी भरले. भोकांतून पाण्याच्या दोन धारा लागल्या. मग ते शाळेच्या छतावर गेले आणि आम्हांला खाली उभे राहून नीट बघायला सांगितले. त्यांनी डबा सोडला. तो खाली येत असताना धारा थांबल्या. भोके उघडी, डब्यात पाणी, तरीही थेंब बाहेर पडेना. डबा जमिनीवर आदळला आणि मग सगळे पाणी फुटून वाहिले. बोदवडसारख्या पाण्याच्या टंचाईच्या गावात भर उन्हाळ्यात मास्तरांनी डबाभर पाणी वाया घालवले म्हणून शिपायाने कुरकूर केली. आमच्या मते ते पाणी सार्थकी लागले.

अर्थ असा. डबा आणि पाणी दोन्ही एकाच वेगाने पडत होते. पाण्याचा भार डब्यावर पडेना, म्हणून धार लागेना. विहिरीत उडी मारणाऱ्या प्रत्येक पोराने हे अंगावर घेतलेले असते. काठ सुटल्यापासून पाण्याला भिडेपर्यंत पोटात जो गोळा येतो, ती वजन न जाणवण्याचीच घटका. अंतराळवीराचे तेच आहे, फक्त त्याची विहीर संपत नाही. चारशे किलोमीटर उंचीवरदेखील पृथ्वीची ओढ जमिनीवरल्या ओढीच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास असते. म्हणजे तो माणूस पडतोच आहे. पण तो सेकंदाला आठ किलोमीटरच्या घरात पुढेही धावतो आहे. एका सेकंदात तो साधारण पाच मीटर खाली येतो, आणि तेवढ्या आठ किलोमीटरमध्ये गोल पृथ्वीची जमीनही पाच मीटर खाली वळलेली असते. तो पडत राहतो, जमीन वळत राहते, दोघांची भेट होत नाही. बोदवडहून भुसावळला जायला पॅसेंजरला पाऊण-एक तास लागतो. त्याला पाच-सहा सेकंद पुरतात. आणि त्याच्यासोबत त्याचे यान, त्याचा पेला, त्याच्या डोळ्यांतले पाणी, सारे एकत्रच पडत असते, म्हणून सारे तरंगते.

न्यूटनने हे यान नसताना ओळखले होते. उंच पर्वतावरून तोफेचा गोळा उडवा, वेग वाढवत न्या, शेवटी एक वेळ अशी येईल की गोळा पृथ्वीला फेरी घालून परत येईल, असे त्याने लिहून ठेवले. त्याच्या निधनानंतर, १७२८ साली, ते पुस्तक छापले गेले. १९५७ मध्ये स्पुटनिक वर गेला तेव्हा तो गोळा खरोखर फिरला.

दादीला आम्ही हे सारे सांगितले. तिने विचारले, “म्हणजे गिरताच आहे?” आम्ही म्हटले, हो, गिरताच आहे. ती म्हणाली, “और डरता नहीं?” या प्रश्नाला मास्तरसाहेबांकडेही डबा नव्हता.

पृथ्वी कशावर टेकली आहे आणि ती का पडत नाही, हा प्रश्न आमच्या खान्देशाला नवा नाही. चाळीसगाव तालुक्यात, डोंगराच्या कुशीत पाटणादेवी आहे. तिथे इसवी सन १२०७ चा एक शिलालेख सापडला. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी यांनी तो अभ्यासकांपुढे आणला. भास्कराचार्यांचा नातू चंगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापला आणि स्थानिक निकुंभ राजांनी त्याला उत्पन्न नेमून दिले, अशी त्यात नोंद आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी ‘सिद्धान्तशिरोमणि’ लिहिला. त्यातल्या गोलाध्यायात ते विचारतात, पृथ्वीला आधार आहे म्हणता, तर त्या आधाराला आधार कोणाचा? असे कुठवर जाणार? पृथ्वीच्या अंगी ओढून घेण्याची शक्ती आहे, म्हणून आकाशातली जड वस्तू तिच्याकडे येते आणि आपल्याला ती पडलीशी वाटते. पण चहूकडे सारखेच आकाश असताना पृथ्वीने स्वतः पडायचे तरी कुठे? आणि गोलाच्या पलीकडच्या बाजूला राहणारी माणसे पाण्यातल्या प्रतिबिंबासारखी उलटी असली तरी आपल्यासारखीच निर्धास्त उभी असतात, असेही ते सांगतात. वर आणि खाली हे आपल्या उभे राहण्यावर ठरते, हे यानात तरंगणारा माणूस पहिल्याच तासात शिकतो. पाटण्याच्या मठात तो पाठ आठशे वर्षांपूर्वी दिला जात होता.

या ज्ञानाशी आपला काय संबंध, असा प्रश्न आमच्याच लोकांनी आम्हांला विचारला आहे. संबंध फार जवळचा आहे. अकराव्या शतकात अल-बिरूनी हिंदुस्थानात आला, संस्कृत शिकला आणि सुमारे १०३० साली त्याने ‘किताब-उल-हिंद’ पुरा केला. पृथ्वी जड वस्तूंना ओढते, हे ब्रह्मगुप्ताचे म्हणणे त्यात त्याने आदराने नोंदवले आहे. १५८७ साली अकबराच्या आज्ञेवरून फैजीने भास्कराचार्यांची ‘लीलावती’ फारसीत नेली. हाच फैजी १५९१ साली अकबराचा वकील म्हणून खान्देशात, फारुकी सुलतान राजा अली खान याच्याकडे आला होता. फारुकींचे बऱ्हाणपूर आमच्या बोदवडपासून काही दूर नाही, आणि खान्देश हे नावही त्या खानांचे म्हणूनच सांगितले जाते. पुढे १६३४ च्या सुमारास अताउल्लाह रशिदी याने भास्कराचार्यांचे ‘बीजगणित’ फारसीत आणले. त्याचे वडील उस्ताद अहमद लाहोरी, ज्यांचे नाव ताजमहालाच्या बांधकामाशी जोडले जाते. तेव्हा पाटण्याचे ज्ञान आमचे नाही असे म्हणणाऱ्याला आपल्या बापजाद्यांची खबर नाही, एवढेच म्हणता येईल. त्या लोकांनी ज्ञानाला जात विचारली नाही. भाषा शिकले आणि घेऊन गेले.

आणि तरंगत्या माणसाची कल्पना? ती तर आमच्या हकिमाची. इब्न सिना हे नाव आमच्या घरी माहीत होते ते युनानी औषधांमुळे. अब्बांच्या मते तो दुनियेतला सर्वांत मोठा हकीम. तो तेवढाच नव्हता, हे आम्हांला पुढे वाचनातून कळले. ९८० साली जन्मलेल्या आणि १०३७ साली वारलेल्या या माणसाने ‘किताब-उश-शिफा’ या नावाचा प्रचंड ग्रंथ लिहिला. नाव रोग बरे करण्याचे असले तरी ग्रंथ तत्त्वज्ञानाचा आहे. त्यातल्या आत्म्यावरच्या भागात तो वाचकाला एक कल्पना करायला सांगतो. समजा, एक माणूस एकदम पूर्ण वाढलेला निर्माण झाला आणि तो हवेत किंवा पोकळीत तरंगतो आहे. त्याचे डोळे झाकलेले आहेत. हातपाय असे पसरलेले की एकाचा दुसऱ्याला स्पर्श नाही. हवेचा झोतही त्याला जाणवत नाही. त्याला आपले शरीर ठाऊक नाही, जग ठाऊक नाही. अशा माणसाला ‘मी आहे’ हे कळेल का? इब्न सिना म्हणतो, कळेल. हात नाही, पाय नाही, काळीज नाही, तरी मी आहे, हे तो नाकारू शकणार नाही.

विमान नव्हते, फुगा नव्हता, तेव्हा एका मुसलमान विचारवंताने माणसाला पोकळीत सोडून दिले आणि त्याला काय वाटेल याचा शोध घेतला. आम्ही मात्र चंद्रावरच्या अजानच्या कथेवर टाळ्या वाजवीत बसलो. आमच्या पदरात हिरा होता आणि आम्ही काचेसाठी भांडत होतो.

इब्न सिनाच्या माणसाला जे कल्पनेत घडले ते प्रत्यक्षात घडायला साडेनऊशे वर्षे जावी लागली. १८ मार्च १९६५ रोजी अलेक्सी लिओनोव्ह हा सोव्हिएत अंतराळवीर व्होस्खोद-२ यानातून बाहेर पडला. पाच मीटरच्या दोराने बांधलेला तो बारा मिनिटे बाहेर राहिला. परत फिरताना त्याच्या लक्षात आले की पोकळीत त्याचा पोशाख इतका फुगला आहे की दारातून आत जाता येत नाही. त्याने पोशाखातली हवा स्वतःच्या हाताने थोडी थोडी सोडून दिली. जास्त सुटली असती तर जीव गेला असता. घामाने भिजून, अंग आक्रसून तो कसाबसा आत शिरला. यान उतरलेही ठरल्या जागेपासून फार दूर, बर्फाळ जंगलात. हा माणूस चित्रकार होता. रंगीत पेन्सिली सोबत घेऊन गेला होता आणि वरून दिसलेला सूर्योदय त्याने तिथेच काढला. त्याच वर्षी ३ जूनला अमेरिकेचा एडवर्ड व्हाइट बाहेर तरंगला. १९८४ च्या २५ जुलैला स्वेतलाना सवित्स्काया हिने बाहेर जाऊन धातू जोडण्याचे आणि कापण्याचे काम केले. अंतराळात यानाबाहेर पडलेली ती पहिली स्त्री. स्थानक होते सॅल्यूट-७, जिथे साडेतीन महिन्यांपूर्वी राकेश शर्मा राहून गेले होते.

मॅकँडलेसच्या त्या यंत्राचे आयुष्य मात्र थोडे ठरले. १९८४ सालीच तीन मोहिमांत ते वापरले गेले. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर यान उड्डाणानंतर त्र्याहत्तर सेकंदांत नष्ट झाले, सात जण गेले, आणि धोक्याचा हिशेब नव्याने मांडला गेला. ते यंत्र पुन्हा कुणाच्या पाठीवर चढले नाही. आज अंतराळवीर बाहेर जातात ते दोराने बांधलेले असतात. सुटलाच कुणी, तर परत यायला पाठीवर छोटे वायूयंत्र असते. दादीचा प्रश्न, भीती वाटत नाही का, त्याचे उत्तर या दोरातच आहे. वाटते. भीती वाटते म्हणूनच दोर बांधतात, शंभरदा मोजतात, तपासतात आणि मग दार उघडतात. आमच्याकडे ‘अल्लावर भरवसा ठेव, पण उंट बांधून ठेव’ असे म्हणतात, ते याहून वेगळे काय सांगते?

आता आमच्या माणसांकडे वळू. १७ जून १९८५ रोजी सौदी अरेबियाचा राजपुत्र सुलतान बिन सलमान डिस्कव्हरी यानातून वर गेला. वय अठ्ठावीस. तो पहिला अरब आणि पहिला मुसलमान अंतराळवीर म्हणून ओळखला जातो. रमजानचे शेवटचे दिवस होते, आणि त्याची ईद वरच झाली. त्याने पुढे सांगितले की पहिल्या दिवशी सगळे आपापला देश दाखवत होते, तिसऱ्या-चौथ्या दिवशी आपापला खंड, आणि पाचव्या दिवशी त्यांना एकच पृथ्वी दिसत होती.

१९८७ च्या जुलैत सीरियाचा मुहम्मद फारिस मीर स्थानकावर गेला. १९८८ च्या ऑगस्टमध्ये अफगाणिस्तानचा अब्दुल अहद मोहमंद. त्याने सोबत कुराण नेले होते आणि वरून तो आपल्या आईशी पश्तो भाषेत बोलला. परतताना यानात बिघाड झाला आणि त्याला सोबत्यासह एक दिवस जादा अडकून पडावे लागले. या दोघांचे पुढे काय झाले? अफगाणिस्तान यादवीत जळले आणि मोहमंद जर्मनीत जाऊन राहिला. २०१२ साली फारिस कुटुंबासह सीरियातून निघून तुर्कस्तानात आश्रयाला गेला आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये तिथेच वारला. ज्यांनी वरून सीमा नसलेली जमीन पाहिली, त्यांनाच खाली आल्यावर सीमा ओलांडून जीव वाचवावा लागला. आम्हांला हे वाचून जेवढे वाईट वाटले तेवढे कोणत्याही यानाच्या अपघातानेही वाटले नव्हते. अंतराळात पडत राहणारा माणूस सुखरूप राहतो, जमिनीवर उभा असलेला राहतोच असे नाही.

२००६ च्या सप्टेंबरात इराणमध्ये जन्मलेली अनूशेह अन्सारी गेली. २००७ च्या १० ऑक्टोबरला मलेशियाचा डॉक्टर शेख मुझफ्फर शुकोर आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाकडे निघाला, तेव्हाही रमजानच होता. तिथे दीड तासात पृथ्वीची एक फेरी होते, चोवीस तासांत सोळा वेळा सूर्य उगवतो. मग नमाज किती? किब्ला कुठे? सिजदा कसा? मलेशियाच्या उलमांनी आणि वैज्ञानिकांनी एकत्र बसून याचा विचार केला आणि मार्गदर्शिका काढली. नमाज चोवीस तासांत पाचच, वेळ उड्डाणाच्या ठिकाणाच्या घड्याळाची. तोंड शक्य असेल तर काब्याकडे, ते जमले नाही तर काब्याच्या वरल्या दिशेकडे, नाही तर पृथ्वीकडे, आणि तेही न जमले तर जिकडे असेल तिकडे. उभे राहता आले नाही तर बसून, नाही तर डोळ्यांच्या इशाऱ्याने. रोजा पृथ्वीवर परतल्यावर धरला तरी चालेल. ही मार्गदर्शिका वाचताना आम्हांला मास्तरसाहेबांची आठवण झाली. प्रश्न खरा असला की दीनदेखील त्याला खरे उत्तर देतो.

आणि २८ एप्रिल २०२३ रोजी, ईद होऊन आठवडा झाला होता, संयुक्त अरब अमिरातीचा सुलतान अल-नेयादी स्थानकाबाहेर पडला. सात तास तो बाहेर होता. अंतराळात बाहेर तरंगलेला तो पहिला अरब. त्याच वर्षी मे महिन्यात सौदी अरेबियाची रय्याना बर्नावी ही संशोधक स्थानकावर जाऊन आली. २०२५ च्या जूनमध्ये आपले शुभांशू शुक्ला गेले. राकेश शर्मांनंतर एक्केचाळीस वर्षांनी पृथ्वीच्या कक्षेत गेलेले दुसरे भारतीय नागरिक, आणि त्या स्थानकावर पाऊल ठेवणारे पहिले.

एवढे सगळे खरे समोर असताना खोट्या कथा थांबल्या का? नाही. २००७ नंतर ई-मेलवरून सुनीता विल्यम्सची कथा आली. तिला म्हणे अंतराळातून सगळी पृथ्वी काळी आणि मक्का-मदिना तेवढे चमकताना दिसले आणि तिने इस्लाम स्वीकारला. वास्तविक ती जाताना भगवद्गीता आणि गणपतीची मूर्ती घेऊन गेली होती आणि हे तिने कधी लपवले नाही. ई-मेल गेला, मोबाइल आला, कथा तीच राहिली. मागच्या रमजानात आमच्या भाच्याच्या मुलाने ती आम्हांला मोबाइलवर दाखवली. त्याच्या चेहऱ्यावर तोच आनंद होता, जो एकेकाळी वर्गात उभे राहताना आमच्या चेहऱ्यावर होता. म्हणून आम्ही त्याला रागावलो नाही. कुणीतरी मोठा माणूस आपल्याकडे यावा, आपल्याला खरे म्हणावे, ही त्या कथेमागची भूक आहे. ज्यांना दररोज कुणीतरी कमी लेखते त्यांना ही भूक लागते, हे आम्ही जाणतो. पण खोट्या भाकरीने पोट भरत नाही. जग हसते, आणि त्याहून वाईट म्हणजे आपले पोर शोध घेण्याचे सोडून देते. ज्याला आयता चमत्कार मिळाला तो डब्याला भोके कशाला पाडील?

त्या मुलाला आम्ही सांगितले, संध्याकाळी घरी ये.

आता धाबे राहिलेले नाही, स्लॅब आहे. दादी नाही, अब्बा नाहीत, मास्तरसाहेबही गेले. गावात दिवे वाढले, तारे कमी झाले. पण अंतराळ स्थानक बोदवडवरूनही जाते. सूर्य मावळल्यावर किंवा उगवण्यापूर्वी, वेळ बघून ठेवली तर नुसत्या डोळ्यांना दिसते. इफ्तार आणि मगरिब आटोपून आम्ही दोघे वर गेलो. वायव्येकडून एक ठळक ठिपका उगवला, न लुकलुकता, आवाज न करता डोक्यावरून चढत गेला. मुलाने विचारले, विमान आहे का? आम्ही म्हटले, नाही, त्यात माणसे आहेत. काही मिनिटांत तो ठिपका पृथ्वीच्या सावलीत शिरला आणि विझला.

थोडा वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, “नानाजी, ते पडत का नाहीत?”

आम्ही खाली जाऊन तेलाचा रिकामा डबा आणि खिळा शोधायला लागलो.